पऱ्हाटीतलं ऊन

कापसाची शेवटची वेचणी आटोपली की नंदुरबार, शहादा, तळोद्याच्या सपाटीवर उरतात त्या पऱ्हाट्या. बोंडं गेलेली, पानं गळलेली, तपकिरी आणि कडक. काही चुलीत जातात, काही कुंपणाला लागतात आणि बऱ्याचशा बांधावर ढीग करून पेटवल्या जातात, कारण पुढच्या पिकासाठी रान मोकळं हवं असतं. एका एकरातून साधारण टनभर वाळलेल्या पऱ्हाट्या निघतात. त्या टनात वीज किती? वीजकेंद्रात नेऊन जाळल्या तर सुमारे आठशे युनिट. महिन्याला शंभर युनिट लागणाऱ्या घराची आठ महिन्यांची बेगमी एका एकराच्या काटक्यांत असते.

ही ऊर्जा काटकीत आली कुठून? कुणीही सांगेल की जमिनीतून, खतातून. सतराव्या शतकात यान बाप्टिस्टा व्हान हेल्माँट या फ्लेमिश वैद्यानं हे तपासायचं ठरवलं. त्यानं २०० पौंड कोरडी माती कुंडीत भरली, पाच पौंडांचं वाळुंजाचं रोप लावलं आणि पाच वर्षं त्याला फक्त पाणी घातलं. झाड १६९ पौंडांचं झालं. माती पुन्हा वाळवून तोलली, तर ती जेमतेम दोन औंसांनी कमी भरली. त्यानं निष्कर्ष काढला की लाकूड पाण्यापासून होतं. पाण्याचा वाटा त्यात होताच, पण मोठा भागीदार त्याच्या नजरेतून सुटला, कारण तो दिसत नव्हता. ती होती हवा.

वाळलेल्या लाकडाचं निम्मं वजन कार्बनचं असतं आणि तो जवळपास सगळा हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून येतो. हवेच्या दहा हजार भागांत हा वायू फक्त चार भाग. कापसाचं पान हे चार भाग वेचून घेतं, उन्हाच्या जोरावर पाण्याचे रेणू फोडतं, ऑक्सिजन बाहेर सोडतं आणि कार्बन-हायड्रोजनच्या साखळ्या विणत बसतं. आपल्या काळ्या जमिनीनं पऱ्हाटीला काय दिलं, ते जाळल्यावर कळतं. शंभर किलोमागे जी थोडी राख उरते, पोटॅश, चुना आणि इतर क्षारांची, तेवढीच जमिनीची. बाकी सगळी काटकी म्हणजे हवा आणि पाणी, उन्हानं एकत्र बांधलेलं. जाळणं म्हणजे ती बांधणी सोडवणं. जून ते डिसेंबर जे ऊन पानांवर पडलं, त्याचा बारीकसा हिस्सा काही क्षणांत परत मिळतो.

जळण्यातही एक गंमत आहे. चुलीत लाकूड जळतं असं आपण म्हणतो, पण ज्वाळा लाकडाची नसतेच. अडीचशे-तीनशे अंश सेल्सियसच्या वर लाकूड तापलं की त्याचे रेणू तुटू लागतात आणि त्याच्या वजनाचा सत्तर-ऐंशी टक्के भाग वायू आणि वाफा होऊन बाहेर पडतो. पेटतो तो हा वायू. मागे राहतो तो कोळसा, आणि तो ज्वाळेविना, लाल होऊन सावकाश जळतो. म्हणूनच वीजकेंद्राच्या भट्टीत हवा दोन ठिकाणांहून सोडतात: जाळीखालून निखाऱ्यासाठी आणि वरून वायूसाठी. वरची हवा कमी पडली की न जळलेला वायू धूर होऊन चिमणीतून निघून जातो, आणि त्याच्याबरोबर पैसाही.

केंद्राची रचना कोळशावरच्या केंद्रासारखीच असते, फक्त आकार लहान. काड्या यंत्रानं बारीक करून पट्ट्यावरून भट्टीत सोडतात. भट्टीभोवतीच्या नळ्यांत पाणी उकळून वाफ होते आणि ती आणखी तापवून साडेचारशे अंशांच्या आसपास नेतात. हवेच्या दाबाच्या चाळीस-साठ पट दाबानं ही वाफ टर्बाइनच्या पात्यांवर आदळते, टर्बाइन जनित्राला फिरवतं आणि दमलेली वाफ थंड होऊन पुन्हा पाणी होते. तेच पाणी परत बॉयलरमध्ये.

एक किलो वाळलेल्या काडीत साधारण साडेतीन हजार किलोकॅलरी असतात आणि एका युनिटमध्ये ८६०. म्हणजे किलोमागे चार युनिट मिळायला हवेत. मिळतं एक किंवा त्याहूनही कमी. बाकीचं जातं कुठे? काही चिमणीतून, पण सगळ्यात मोठा वाटा वाफ थंड करणाऱ्या पाण्यात. हा कुणाचा गलथानपणा नव्हे. उष्णतेकडून काम करून घ्यायचं असेल तर तिचा काही भाग थंड बाजूला सोडून द्यावाच लागतो, हे सादी कार्नो या तरुण फ्रेंच अभियंत्यानं १८२४ मध्येच दाखवून दिलं. त्यात काडी ओली असेल तर आणखी तोटा. ताज्या तोडलेल्या लाकडाचं जवळपास निम्मं वजन पाण्याचं असतं आणि त्यातल्या प्रत्येक किलो पाण्याची वाफ करायला सहाशेच्या वर किलोकॅलरी खर्ची पडतात. खान्देशातलं मार्च-एप्रिलचं कोरडं ऊन हे वाळवणीचं काम फुकट करून देतं.

वाफेशिवायही लाकडातून वीज काढता येते. लाकडाला पुरेशी हवा द्यायचीच नाही, गरजेच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढीच द्यायची. मग ते पूर्ण जळत नाही, त्याचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन असलेला वायू होतो आणि तो वायू थेट इंजिनात जळतो. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेना तेव्हा युरोपातल्या लाखो मोटारी पाठीला अशी भट्टी बांधून धावल्या. कर्नाटकातल्या तुमकुर जिल्ह्यातल्या होसहळ्ळी गावात १९८८ मध्ये भारतीय विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी असाच छोटा संच बसवला. आपल्याकडे फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लाकडावर आणि पुढे उसाच्या पाचटावर चालणारे गॅसिफायर, म्हणजे असा वायू करणारे संच, तयार केले. त्यांनी आणखी एक मोठी गोष्ट मांडली: तालुक्याच्या शेतांत उरणाऱ्या काडीकचऱ्यावर तो तालुका विजेपुरता स्वयंपूर्ण होऊ शकतो.

तालुका हे माप महत्त्वाचं आहे, कारण या विजेचं खरं अवघड यंत्र बॉयलर नाही आणि टर्बाइनही नाही. ते आहे गोळा करणं.

दहा मेगावॉटचं एक केंद्र घेऊ. वर्षभर ऐंशी टक्के क्षमतेनं चाललं तर ते सात कोटी युनिट देईल, म्हणजे सुमारे ५८ हजार घरांना पुरेल एवढी वीज. त्यासाठी लागतील जवळजवळ ८८ हजार टन काड्या, म्हणजे ३५ हजार हेक्टरांवरच्या पऱ्हाट्या. आजूबाजूची एक तृतीयांश जमीन कापसाखाली आहे आणि निम्म्या पऱ्हाट्या चुलीला, कुंपणाला सोडून उरलेल्याच मिळतात असं धरलं, तर केंद्राभोवती २६ किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढावं लागेल. नंदुरबार जिल्ह्याच्या क्षेत्रफळाचा तिसऱ्या हिश्शाहून मोठा भाग त्यात बसतो. शिवाय पऱ्हाटी वजनाला हलकी, पण जागा फार अडवते. ट्रॉलीत दीड टन मावला असं धरलं तरी रोज दीडशेच्या वर ट्रॉल्या लागतील, तेही काढणी वर्षातून दोन-तीन महिनेच चालत असताना.

आता शेजारीच बघा. शहादा तालुक्यातल्या पुरुषोत्तमनगरला सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखाना आहे. राज्यातल्या साखर कारखान्यांचे बॉयलर उसाच्या बगॅसवर, म्हणजे चिपाडावर, चालतात आणि सहवीज प्रकल्पांची एकत्रित क्षमता दोन हजार मेगावॉटच्या पलीकडे गेली आहे. बगॅस तर निम्मा ओला, पऱ्हाटीहून कमी दर्जाचं जळण. तरी तो जिंकला, कारण त्याला गोळा करावं लागत नाही. ऊस साखरेसाठी दारात येतोच, तोडणीचा आणि वाहतुकीचा खर्च साखर उचलते. गडचिरोलीत वडसा-देसाईगंजला भाताच्या तुसावर वीज तयार झाली तीही याच न्यायानं. भात गिरणीत आला की तूस तिथेच ढीग होऊन पडतो. पऱ्हाटीला असा कुणी पाठीराखा नाही. तिला बोंडअळी मात्र मदत करू शकते. उभ्या पऱ्हाटीवर राहिलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दबा धरून बसते, म्हणून हंगाम संपताच रान साफ करा, असं कृषी खातं सांगतंच. पऱ्हाटी वेळेत उपटणं शेतकऱ्याच्याही सोयीचं आहे. प्रश्न एवढाच की उपटून बांधावर आणण्याची मजुरी कोण देणार.

मग सातपुड्याचं जंगल? तिथे साग, अंजन, ऐन आहे. फांद्या, साली, भुसा, सगळं आहे. पण अक्कलकुवा-धडगावच्या डोंगरात पडलेली फांदी टाकाऊ नसते, ती कुणाच्या तरी डोक्यावरच्या मोळीत जाते. २००६ च्या वनहक्क कायद्यानं सामूहिक वनांवर ग्रामसभेचा अधिकार मान्य केला आहे, तेव्हा उरलेलं काय आणि लागणारं काय हे पाड्यावरची माणसं ठरवतील. जंगलातल्या लाकडावर वीज करण्याचं उदाहरण बाहेर आहे. इंग्लंडमधल्या ड्रॅक्स वीजकेंद्रानं कोळसा सोडून लाकडाच्या गोळ्या जाळायला घेतल्या. त्यातल्या बऱ्याचशा अमेरिकेतून अटलांटिक ओलांडून येतात आणि त्यासाठी झाडं तोडली जातात का, यावर वर्षानुवर्षं वाद चालू आहे. पऱ्हाटी आणि जंगलातलं झाड यांतला फरक साधा आहे. पऱ्हाटीतला कार्बन गेल्या पावसाळ्यात हवेतून आला आणि पुढच्या पावसाळ्यात नवी पऱ्हाटी तो परत घेईल. ऐंशी वर्षांचा साग जाळला तर तो कार्बन परत घ्यायला पुन्हा ऐंशी वर्षं लागतील.

आणि सौर पॅनेल? एक हेक्टर पॅनेल वर्षाला सात-आठ लाख युनिट देतं, एक हेक्टर पऱ्हाट्या फक्त दोन हजार. पान हे ऊन पकडणारं यंत्र म्हणून पॅनेलपुढे फारच कच्चं. पण त्या पानानं आधी कापूस दिला, सरकीचं तेल दिलं, ढेप दिली आणि पऱ्हाटी ही वरकड. शिवाय पॅनेलला न जमणारी एक गोष्ट तिला जमते. मार्चमध्ये रचलेली गंजी ऑगस्टच्या ढगाळ रात्रीही वीज देऊ शकते. अट दोनच गोष्टींची: ती कोरडी राहायला हवी, आणि ज्याच्या रानातून ती आली त्याला तिचा दाम बांधावरच मिळायला हवा.