म्हशीसाठी लोणचे

मराठीच्या प्राध्यापकाने वैरणीवर लिहावे, हे वाचकांना जरा चमत्कारिक वाटेल. पण परभणीकडे कॉलेजात शिकवणाऱ्याचाही एक पाय शेतात असतो. आमची शेती जिंतूर तालुक्यात. धाकटा भाऊ ती पाहतो. या ज्वारीच्या मुलखात गुरांचा उन्हाळा कडब्यावर निघतो, आणि पावसाने दगा दिला की पेंढ्या मोजून टाकाव्या लागतात. म्हणून भावाने मुरघास करायचे ठरवले. हिरवा चारा हवाबंद खड्ड्यात मुरवून ठेवायचा. शब्दावरच मी खूश झालो!

पावसात भिजलेला मका, अखंड धाटे तशीच, चार दिवस सवडीने त्याने खड्ड्यात भरली. चैत्रात खड्डा उघडला तो कुजका भपकारा आला. कडेला बुरशी. म्हशीने हुंगून तोंड फिरवले. सारा चारा उकिरड्यावर गेला आणि दोन म्हशींपैकी एक विकावी लागली. महिनाभर भाऊ कोणाशी धड बोलला नाही.

आई एवढेच म्हणाली, “ओल्या फोडींचं लोणचं कधी टिकलंय का, बाबा?”

मेख तिथेच होती. परभणीला १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. भाऊ तेथे जाऊन सारे विचारून आला. दाणा चिकातून पिठूळ होऊ लागला की मका कापायचा. कुट्टी एक-दोन सेंटिमीटरची हवी. लांब धाटांत हवा दडून राहते आणि बुरशीचे फावते. कुट्टी मुठीत दाबून पाहायची. पाणी ठिबकले तर चारा ओला, मूठ उघडताच विस्कटली तर फार वाळलेला. गोळा सावकाश उलगडला की ठीक. मग झटपट भरून, ट्रॅक्टरने तुडवून, वर प्लॅस्टिक. आत दह्यातल्यासारखे जंतू चाऱ्यातील साखरेचे आम्ल करतात. तेच चारा राखते. पाणी फार असले तर कुजवणारे जंतू बळावतात.

चारा टिकवण्याच्या पद्धतीबद्दल फिनलंडच्या विर्तानेन यांना १९४५ चे नोबेल पारितोषिक मिळाले, हे मी आईला सांगितले. “लोणच्याला बक्षीस?” म्हणून ती हसत सुटली.

गेल्या वैशाखात दुसरा खड्डा उघडला. पिवळसर हिरवा रंग, ताकासारखा आंबूस वास. म्हशीने टोपल्यात तोंड घातले, ते टोपले रिकामे होईपर्यंत वर काढले नाही. भाऊ बराच वेळ पाहत उभा होता. मग म्हणाला, “दादा, रविवारी मोकळा आहेस का? बाजारात एक म्हैस बघून येऊ.”