वॉचमन काकांची 'चुकीची' हिंदी

या भागावर सर्वात जास्त मेसेज आले, म्हणून तो लिहूनही टाकतोय. लोकलमध्ये हेडफोन विसरलेल्यांनी वाचून घ्या.

सुरुवात एका कबुलीने करतो. कॉलेजात असताना मी बिहारी हिंदीची नक्कल मस्त करायचो. 'हम खाना खाए हैं' म्हटलं की सगळा कट्टा हसायचा. 'मैंने खाना खाया है' ही बरोबर हिंदी आणि यांना साधा 'ने' लावता येत नाही, असं मी अगदी मनापासून मानायचो.

मग आमच्या सोसायटीत सिवानचे एक वॉचमन काका आले. एका रात्री ते फोनवर गावाकडे बोलत होते. मध्येच कानावर पडलं, 'ऊ काल्ह आइल रहे.' मी थबकलोच. हिंदीत हे 'वह कल आया था' असं होतं. आणि मराठीत? 'तो काल आला होता.' आता 'आइल' आणि 'आला' शेजारी ठेवून बघा. 'गइल' आणि 'गेला' बघा. भूतकाळाचा हा 'ल' मराठीत आहे, भोजपुरीत आहे, बंगालीतही आहे. हिंदीत मात्र नाही. म्हणजे ज्या भाषेला मी बिघडलेली हिंदी समजत होतो, ती या बाबतीत हिंदीपेक्षा माझ्या भाषेच्या जवळची निघाली!

'ने'चं कोडंही तिथेच सुटतं. भोजपुरीत त्या 'ने'ची रचनाच नाही. 'त्याने रोटी खाल्ली' हे तिथे 'ऊ रोटी खइलस' असं होतं. 'ऊ' तसाच राहतो आणि क्रियापद त्याच्या मागे चालतं. त्यामुळे तो माणूस हिंदी बोलतो तेव्हा घरचं व्याकरण सोबत येतं. यात अडाणीपणा कसला? आपण हिंदी बोलताना 'मेरे को' म्हणतो, तेव्हा आपण तरी काय वेगळं करतो?

आता प्रश्न असा, की भोजपुरीला हिंदीची बोली का म्हणायचं? आज शाळेत शिकवतात ती हिंदी उभी राहिली खडी बोलीवर, म्हणजे दिल्ली-मेरठ पट्ट्यातल्या बोलीवर. उर्दूचा पायाही तोच. पण सूरदासांनी लिहिलं ब्रजमध्ये आणि तुलसीदासांचं रामचरितमानस आहे अवधीत. आधुनिक हिंदीचे जनक म्हणतात ते भारतेंदु हरिश्चंद्रसुद्धा गद्य खडी बोलीत लिहायचे, पण कविता बहुतेक ब्रजमध्ये. म्हणजे एकोणिसाव्या शतकातही खडी बोली कवितेची भाषा झाली नव्हती. तरी आज ती 'भाषा' आणि तिच्यापेक्षा जुनं साहित्य असलेल्या ब्रज-अवधी 'बोली'! भोजपुरीचं तर घराणंच वेगळं. ग्रियर्सनने भारतातल्या भाषांची पाहणी केली, तेव्हा त्याने भोजपुरी, मगही आणि मैथिली यांचा 'बिहारी' असा वेगळा गट करून तो बंगाली-ओडियाच्या बाजूला ठेवला होता.

मग हे सगळं हिंदीत आलं कसं? जनगणनेत बघा. २०११ साली हिंदीखाली सुमारे ५२.८ कोटी लोक मोजले गेले. भारी आकडा, नाही का? पण त्या खात्याच्या आत डोकावलं, तर मातृभाषा 'हिंदी' अशी सांगणारे सुमारे ३२ कोटीच. बाकीच्यांनी दुसरंच काही सांगितलं होतं. भोजपुरी ५ कोटींहून जास्त, छत्तीसगढी १.६ कोटी, मगही १.२७ कोटी, शिवाय राजस्थानी, हरियाणवी, खोरठा... उत्तर काहीही असो, बेरीज हिंदीतच.

यातून मैथिली बाहेर पडली. १९९१ला तीही हिंदीतच मोजली होती. २००३च्या घटनादुरुस्तीने ती आठव्या अनुसूचीत आली आणि २००१च्या जनगणनेच्या आकड्यांत तिची रांग वेगळी झाली. त्या दहा वर्षांत मैथिलीचं व्याकरण काही बदललं नव्हतं. बदलला तो कागद. (कोकणी ही मराठीची बोली की भाषा, हा वाद आपल्याकडे किती तापला होता, ते घरातल्या मोठ्यांना विचारा.)

कागदाने काय फरक पडतो, असं वाटेल. अनुसूचीतल्या भाषेत यूपीएससीची मुख्य परीक्षा लिहिता येते. मैथिलीत लिहिता येते, भोजपुरीत नाही.

मी काकांना विचारलं, मागच्या जनगणनेत मातृभाषा काय सांगितलीत? म्हणाले, "हिंदी लिखवा दिए, भैया. भोजपुरी बोलते तो वो पूछता, ये क्या है?" म्हणजे ते ३२ कोटीही सगळे हिंदीवाले नाहीतच की!

२०२७ची जनगणना जाहीर झाली आहे. म्हटलं, या वेळी काय लिहिणार? काका हसले. "बिटिया से पूछेंगे. घर में हिंदी तो वही बोलती है."

ती पाचवीत आहे, आमच्याच गल्लीतल्या मराठी शाळेत.