पहिल्या सरीचा वास आणि माहुलीचं रान

आसनगावला मुंबईच्या लोकलमधून उतरून माहुली गडाच्या वाटेला लागावं. जूनचे पहिले दिवस. पळसाची पानं धुळीने माखलेली, पायाखालची माती कोरडी, आणि तरी अचानक तो वास येतो. पलीकडच्या माळावर सर पोचलेली असते आणि डोळ्यांआधी नाकाला कळते.

मातीचा म्हणतो आपण, पण हा वास बनवतात मातीतले स्ट्रेप्टोमायसिस नावाचे जिवाणू. त्या वासाच्या द्रव्याचं नाव जिओस्मिन. थेंब मातीवर आपटला की त्याच्याखाली हवेचे बारीक बुडबुडे अडकतात, थेंबातून वर चढतात आणि सोड्यासारखे फसफसून फुटतात. त्यांच्याबरोबर वास उडतो. 2015 साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने हे टिपलं. धो-धो पावसापेक्षा हलक्या सरीत हे जास्त घडतं. आणि आपलं नाक किती तिखट! लाख कोटी भागांत जिओस्मिनचे मोजके भाग असले तरी ते ओळखतं. पाण्याच्या शोधात फिरणाऱ्या पूर्वजांची ही ठेव असावी, असा एक तर्क आहे. ज्यांना बीट मातकट लागतं, त्यांनाही हेच द्रव्य जाणवत असतं.

वाट साग, ऐन, मोहाच्या सावलीत शिरते तेव्हा नाकाला न कळणारंही पुष्कळ घडत असावं. टोकियोच्या निप्पॉन मेडिकल स्कूलमधले डॉ. छिंग ली यांनी काही पुरुषांना तीन दिवस, दोन रात्री जंगलात नेलं आणि त्यांचं रक्त तपासलं. विषाणूबाधित पेशींवर तुटून पडणाऱ्या ‘एनके’ पेशींची ताकद वाढलेली दिसली, आणि तो परिणाम महिनाभरानंतरही पुरता ओसरला नव्हता. शहरातल्या तशाच सहलीने मात्र काही फरक पडला नाही. माणसं जेमतेम बारा होती, म्हणून एवढ्यावर कुणी औषधं सोडू नयेत. पण आपल्या पानझडी रानातही असं रक्त कुणीतरी तपासून पाहावं, असं मला फार वाटतं.

उघड्यावर राहण्याने डोळ्यांना होणाऱ्या फायद्याचा पुरावा अधिक भक्कम. चीनमधल्या ग्वांगझूच्या शाळांत पहिलीतल्या मुलांना रोज 40 मिनिटं जास्त उघड्यावर काढायला लावली. तीन वर्षांत त्यांच्यातल्या 30.4 टक्क्यांना लांबचं धूसर दिसू लागलं. बाकीच्या शाळांत 39.5 टक्क्यांना. उजेडाने डोळ्याच्या पडद्यात डोपामीन स्रवतं आणि नेत्रगोल अवाजवी लांबत नाही, असं मानतात. ढगाळ दिवसाचा उजेडही ट्यूबलाइटच्या खोलीपेक्षा कितीतरी पट जास्त असतो. शेळ्यांमागे दिवसभर हिंडणाऱ्या इकडच्या मुरबाडच्या पोराला तो फुकट मिळतो.

फुकट मिळणारं सगळं मात्र त्याला पुरत नाही. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर कुपोषण आहे, आणि रात्री साप चावला तर दवाखाना लांब असतो. रविवारी मुंबईहून येऊन ताजंतवानं होणाऱ्या आपण हे विसरू नये, कारण रोज आपण याच रानाचं पाणी पितो. तानसाचं धरण 1892 पासून मुंबईची तहान भागवतंय, मागून भातसा आलं. आणि जगभर तलावांच्या पाण्याला अधूनमधून जी मातकट चव येते, तीही बहुतेकदा जिओस्मिनचीच.