एक नाणे, पंधरा माणसे

नाणे हातात घेताना कडेने धरायचे. त्याच्या दोन्ही बाजूंवर बोटे टेकवायची नाहीत, आणि हात टेबलावर अंथरलेल्या मऊ कापडाच्या वरच ठेवायचा, म्हणजे निसटले तरी ते कापडावर पडते. नाणेशास्त्राच्या कार्यशाळेची सुरुवात अशी होते. पुस्तकात हे दोन ओळींत मावते. पण दोन हजार वर्षांपूर्वीची चांदी प्रत्यक्ष बोटांत आली, की वाचलेले विसरायला होते आणि अंगठा राजाच्या चेहऱ्यावर जातोच. शेजारी बसलेले कोणीतरी हलकेच म्हणते, "कडेने." ते मात्र जन्मभर लक्षात राहते.

नाशिकहून त्र्यंबकेश्वरकडे निघाले की वाटेत अंजनेरीला 'इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ रिसर्च इन न्यूमिस्मॅटिक स्टडीज' ही संस्था लागते. १९८० साली डॉ. परमेश्वरीलाल गुप्त आणि के. के. माहेश्वरी यांनी ती उभी केली. नाण्यांचे संग्रहालय, ग्रंथालय आणि नवशिक्यांसाठी कार्यशाळा अशी तिची ओळख आहे. जानेवारी १९९१ मध्ये नाणी, व्यापार आणि अर्थव्यवहार या विषयावर तिने आंतरराष्ट्रीय चर्चासत्र घेतले आणि त्यातले निबंध त्याच वर्षी ग्रंथरूपाने काढले. अंजनेरीच्या डोंगराखाली बसून जगाशी बोलता येते, हे तिने दाखवले. पण मला इथे बोलायचे आहे ते त्याहून लहान बैठकीविषयी: दहा-पंधरा संशोधक, दोन-तीन जाणकार, एक लांब टेबल आणि चार-पाच दिवस. अशी बैठक चालते कशी, आणि नव्या संशोधकाला तिचा उपयोग नेमका कुठे होतो?

समजा, कळवणच्या एखाद्या महाविद्यालयात शिकवता शिकवता एक मुलगी सातवाहनकालीन व्यापारावर पीएच.डी. करते आहे. मार्गदर्शक पुण्यात, त्यांच्याकडे आणखी सात विद्यार्थी. दोन महिन्यांतून एकदा भेट होते, ती बहुधा सहीपुरती. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६च्या नियमांनुसार प्रबंध सादर करण्यापूर्वी परिषदांत दोन निबंध वाचणे बंधनकारक होते, म्हणून तिच्या आधीच्या पिढीने ठिकठिकाणच्या राष्ट्रीय परिषदा गाठल्या. नोव्हेंबर २०२२च्या नियमांनी ती अट काढली, पण सवय गेलेली नाही. दीपप्रज्वलन, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, मग जेवण. दुपारी तीन खोल्यांत एकाच वेळी सत्रे. प्रत्येकाला दहा मिनिटे. आठव्या मिनिटाला अध्यक्षांकडून चिठ्ठी येते. प्रश्न विचारायला वेळ नसतो, टाळ्यांना असतो. संध्याकाळी प्रमाणपत्र. परिषदेतही ओळखी होतात, आपल्या विषयात कोण काय करते आहे ते कळते, हे मला मान्य आहे. पण त्या दहा मिनिटांत तिच्या निबंधातली चूक कोणाच्याही हाती लागत नाही, आणि तिला तर हवी होती ती नेमकी चूक पकडणारी व्यक्ती.

लहान कार्यशाळेतली माणसांची संख्या मुळात ते नाणेच ठरवते. एक नाणे नीट पाहायला माणसाला निदान दोन मिनिटे लागतात. पंधरा जणांच्या हातून ते फिरायला अर्धा तास जातो. साठ जण असले तर दोन तास, आणि मग कोणी कोणाचे ऐकत नाही. निबंधांचे गणितही तसेच. एका कच्च्या मसुद्यावर मनापासून बोलायला चाळीस मिनिटे धरली, तर पंधरा मसुद्यांना दहा तास लागतात. म्हणजे दोन पूर्ण दिवस तेवढ्यासाठीच राखून ठेवावे लागतात.

आता टेबलावर काय घडते ते पाहू. १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभीला चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाणी, सगळी क्षहरात राजा नहपानाची. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. शत्रूची नाणी वितळवण्याऐवजी त्याने ती तशीच ठोकून आपली केली. सातवाहनांचा इतिहास या साठ्यावाचून लिहिता येत नाही, आणि तो साठा आपल्याच जिल्ह्यातला.

अशा फेरठशाच्या नाण्याचे वाचन ठरावीक क्रमाने होते. आधी वजन. मग दोन्ही बाजूंची चित्रे एकमेकांशी किती फिरलेली आहेत ते, घड्याळाच्या काट्यांच्या भाषेत. मग लेख: नहपानाच्या नाण्यावर राजाच्या मुखाभोवती ग्रीक अक्षरे, तर मागे बाण आणि वज्र यांच्याभोवती ब्राह्मी आणि खरोष्ठीत 'राजा क्षहरात नहपानाचे' अशा अर्थाचा प्राकृत मजकूर. त्यावर गौतमीपुत्राने एका बाजूला तीन कमानींचा चैत्य आणि दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह मारले. आता कोणता ठसा खालचा आणि कोणता वरचा? दिवा बाजूने, अगदी खाली धरायचा. सावल्या लांबल्या की ज्या रेषा सलग जातात त्या वरच्या. ज्या दबलेल्या, मधेच तुटलेल्या, त्या खालच्या. नवशिक्याची नेहमीची चूक अशी, की वापराने झिजलेला भाग आणि दुसऱ्या घावाने चपटा झालेला भाग त्याला सारखेच दिसतात.

इथे टेबलाचा खरा उपयोग होतो. दुसरा ठसा मारणाऱ्याने पहिले चित्र सरळ आहे की उलटे याची फिकीर केलेली नसते. त्यामुळे नाणे आपल्यासमोर चैत्य सरळ दिसेल असे ठेवले, तर खालचा नहपान आडवा किंवा उलटा पडलेला असतो आणि आपल्याला काही केल्या दिसत नाही. समोर किंवा शेजारी बसलेल्याच्या बाजूने मात्र तो सरळ असतो. "हे नाक आहे ना?" असे पलीकडून कोणी विचारतो. नाणे फिरवले जाते, आणि कमानीखालून राजाची हनुवटी, मग ओठ, मग नाक वर येते. एकदा दिसले की पुन्हा न दिसणे अशक्य. एकट्याने भिंग लावून तासभर बसलेल्याला हे सुचेलच असे नाही.

मसुद्यांचे सत्र याच रीतीने चालावे असे मला वाटते, आणि जिथे तसे चालते तिथे त्याचा फरक दिसतो. मसुदे पंधरा दिवस आधी सगळ्यांकडे जातात. लेखिका आधी बोलत नाही. दुसराच कोणी सहभागी, आपल्याला या निबंधातून काय समजले, ते पाच मिनिटांत सांगतो. हे ऐकणे फार अवघड असते. आपल्या मनात असलेले आणि कागदावर उतरलेले यांतले अंतर तिथे उघडे पडते. मग प्रश्न सुरू होतात, आणि ज्येष्ठांनी सर्वांत शेवटी बोलायचे. हा नियम मी सोडणार नाही. आपल्याकडे सर बोलले की सगळे माना डोलावतात आणि चर्चा तिथेच संपते.

कळवणच्या त्या मुलीचा मसुदा समजा टेबलावर आला. तिने एक तक्ता केला आहे: कोणत्या राजाची किती चांदीची नाणी सापडली. जोगलटेंभीची नऊ हजार नाणी तिने गौतमीपुत्राच्या रकान्यात टाकली आहेत. कोणीतरी विचारते, "यातली चांदी कोणाची?" ठसा गौतमीपुत्राचा, पण धातू नहपानाने बाजारात आणलेला. कोणाचे राज्य कोणावर आले हे दाखवायचे असेल तर तिचा रकाना बरोबर; कोणत्या राजाने किती चांदी व्यवहारात आणली हे मोजायचे असेल तर चूक. एक नाणे, दोन रकाने. प्रबंध छापून झाल्यावर परीक्षकाने हे दाखवले असते तर वर्ष गेले असते. इथे त्याला वीस मिनिटे लागतात, आणि चहाला उठताना तिच्या वहीत नवा तक्ता आखलेला असतो.

एक दिवस लेण्यांसाठी ठेवावा. पांडवलेणी शहराला लागूनच आहे, आणि दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. वर्ष ४२. त्याने तीन हजार कार्षापण गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवले: दोन हजार दरमहा शेकडा एक व्याजाने, एक हजार शेकडा पाऊण व्याजाने. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यायचे. इतिहासाचा विद्यार्थी इथे अक्षरांच्या वळणात गुंततो, आणि ते योग्यच आहे. पण गटात वाणिज्य शाखेचा कोणी असेल तर तो उभ्या उभ्या हिशेब करतो: दोन हजारांवर महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस, वीस भिक्षू गुणिले बारा, दोनशे चाळीस. एक कार्षापणही उरत नाही. म्हणजे रक्कम आधी आणि खर्च नंतर असे झाले नसावे. बहुधा वर्षाचा खर्च आधी धरून मुद्दल त्यावरून ठरवली असावी. त्याच लेखात पस्तीस कार्षापणांना एक सुवर्ण हा भावही दिलेला आहे. नाण्यांच्या अभ्यासकाला तो सोन्याहून मोलाचा.

दुपारच्या जेवणाचीही योजना हवी. जर्मनीत ओबरवोल्फाख येथे १९४४ पासून गणितज्ञांची संस्था आहे. तिथे जेवणाच्या टेबलावर रुमालांची पाकिटे मुद्दाम सरमिसळ करून मांडतात, म्हणजे मोठा प्राध्यापक आणि पहिल्या वर्षाचा विद्यार्थी शेजारी येतात. न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीने १९५२ पासून मोजक्या विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी अभ्याससत्र चालवले आहे. तिथे प्रत्येकाने संग्रहातल्या नाण्यांवर स्वतःचा विषय हाताळायचा असतो. दोन्हीकडे जमणारी माणसे मर्यादित, आणि तसे ठरवून.

हे सगळे नाशिकमध्ये होण्याला आणखी एक कारण आहे, आणि ते मला फार महत्त्वाचे वाटते. घरी लहान मूल असलेली, महाविद्यालयातून रजा न मिळणारी, तासिका तत्त्वावर शिकवणारी संशोधक दिल्लीला पाच दिवस जाऊ शकत नाही. अंजनेरीला ती सकाळी जाऊन संध्याकाळी घरी परतू शकते. कार्यशाळेला सभागृह लागत नाही, व्यासपीठ लागत नाही. खिडकीजवळचे टेबल, एक काटा, चार भिंगे, हलवता येणारा दिवा, आणि विषय जाणणारी दोन धीराची माणसे लागतात. यातली शेवटची गोष्टच दुर्मीळ, म्हणून मानधन द्यायचे ते त्यांना, हारतुऱ्यांना नव्हे.

दिवस संपला की कोणी लगेच उठत नाही. ट्रे मधोमध येतो. प्रत्येक नाणे आपापल्या खाचेत जाते. एक जण मोठ्याने आकडा वाचतो, दुसरा वहीतल्या नोंदीवर खूण करतो, तिसरा संशय आलेले नाणे पुन्हा काट्यावर ठेवतो. सकाळी "कडेने" असे जिला सांगावे लागले होते, तिच्याकडे आता वहीचे काम असते. आकडा जुळला की दिवा बंद होतो.