पट्टीवाली कॉर्व्हेट

इथे मिशिगनमध्ये १९६३ ची कॉर्व्हेट स्टिंग रे कूपे विकायला आहे, बरीचशी मूळ अवस्थेतली. काल पाहून आलो. काय देखणी आहे!

मागची काच मधल्या पट्टीने दुभागलेली. अशी काच फक्त १९६३ च्या कूपेला मिळाली. डिझाइनप्रमुख बिल मिचेल यांचा तिच्यासाठी हट्ट होता. अभियंता झोरा आर्कस-डंटॉव्ह यांचा विरोध, कारण मागचं नीट दिसत नसे. १९६४ ला पट्टी गेली.

मग काही मालकांनी स्वतःच्या गाडीची पट्टीही कापून अखंड काच बसवली. म्हणून घेताना पट्टीजवळचं फायबरग्लास निरखून पाहा; पट्टी नंतर पुन्हा बसवलेली असू शकते.

इंजिनावर ठोकलेला क्रमांक गाडीच्या क्रमांकाशी जुळवायचा. इथे जुळला.

रंग भेगाळलाय, पण कारखान्यातला. माझ्या मते तो तसाच राहू द्यावा.