आयव्हीएफमध्ये जास्त इंजेक्शनं म्हणजे जास्त यश, असं असतं का?

जगातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ, लुईस ब्राऊन, २५ जुलै १९७८ ला इंग्लंडमध्ये जन्मलं. त्यासाठी तिच्या आईला बीजं वाढवणारं एकही इंजेक्शन दिलेलं नव्हतं. त्या महिन्यात आपोआप तयार झालेलं एकच स्त्रीबीज डॉक्टरांनी काढून घेतलं. अवघ्या ७० दिवसांनी कोलकात्यात दुर्गाचा जन्म झाला. डॉ. सुभाष मुखर्जींनी मात्र तिच्या आईला हार्मोनची इंजेक्शनं देऊन जास्त बीजं तयार करून घेतली होती. (सरकारी समितीने तेव्हा त्यांचा दावाच फेटाळला, ती गोष्ट वेगळी.) पुढे जगभर इंजेक्शनांचीच वाट रुळली.

यावर पहिली भीती असते: इतकी बीजं एकदम काढली तर साठा लवकर संपणार का? नाही. दर महिन्याला अंडाशयात बीजांच्या अनेक पिशव्या वाढायला लागतात. त्यातली एकच पूर्ण वाढते, बाकीच्या सुकून जातात. एफएसएच हार्मोनचं इंजेक्शन या सुकून जाणाऱ्या पिशव्यांना वाढवतं. म्हणजे जे वाया जाणार होतं, तेच वापरलं जातं.

अडचण अशी की पिशव्या वाढल्या की शरीर त्या वेळेआधीच फोडू शकतं. मग बीजं हाती लागत नाहीत. हे कसं थांबवायचं, यावरून दोन मुख्य पद्धती पडतात.

जुन्या 'लाँग प्रोटोकॉल'मध्ये आधीच्या पाळीच्या साधारण २१व्या दिवसापासून इंजेक्शनं देऊन शरीराचे स्वतःचे हार्मोन झोपवतात, आणि मग बीजं वाढवतात. 'अँटागोनिस्ट' पद्धतीत पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थेट सुरुवात होते आणि पाच-सहा दिवसांनी पिशव्या फुटू न देणारं इंजेक्शन जोडलं जातं. दिवस कमी, सुयाही कमी. बाळ होण्याच्या शक्यतेत दोन्हींमध्ये फारसा फरक आढळलेला नाही. फरक आहे तो धोक्यात.

या धोक्याचं नाव ओएचएसएस. अंडाशय प्रमाणाबाहेर सुजतात, पोटात पाणी साठतं, क्वचित रक्ताच्या गुठळ्या होऊन जिवावर बेततं. पीसीओडी असलेल्या आणि भरपूर बीजं बनणाऱ्या स्त्रियांना हा धोका जास्त. अँटागोनिस्ट पद्धतीत तो बराच कमी होतो. शिवाय बीजं पिकवणारं शेवटचं ट्रिगर इंजेक्शन बदलता येतं आणि भ्रूण गोठवून पुढच्या महिन्यात गर्भाशयात सोडता येतो. पीसीओडी असूनही लाँग प्रोटोकॉल सुचवला, तर कारण नक्की विचारा. उपचारादरम्यान पोट फुगलं, वजन झपाट्याने वाढलं, लघवी कमी झाली किंवा दम लागला, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा.

तिसरी वाट सौम्य उपचारांची: लेट्रोझोल किंवा क्लोमिफेनच्या गोळ्या आणि थोडी इंजेक्शनं. बीजं कमी मिळतात, गोठवायला भ्रूण कमी उरतात, पण खर्च आणि त्रासही कमी. एएमएच कमी असलेल्यांनी हिचा विचार जरूर करावा. तिथे पिशव्याच मोजक्या असतात, डोस दुप्पट केला म्हणून त्या वाढत नाहीत. जमिनीत बीच नसेल तर खत ओतून काय उगवणार?

मग किती बीजं पुरेशी? ब्रिटनमधल्या चार लाखांहून जास्त उपचारांचा अभ्यास २०११ मध्ये आला. त्यात साधारण १५ बीजांपर्यंत यश वाढत गेलं, मग थांबलं, आणि २० च्या पुढे घटलं. हा हिशोब ताज्या भ्रूणांचा. गोठवलेले धरले तर जास्त बीजांचा फायदा काहींना होतोही. पण वयाचा प्रश्न कुठलंच इंजेक्शन सोडवत नाही. बीजांची संख्या वाढते, त्यांचं वय तेच राहतं.

पहिल्या भेटीतच विचारा: माझ्या सोनोग्राफीत पिशव्या किती दिसतात, कुठली पद्धत वापरणार आणि का, ओएचएसएस टाळायला काय करणार? आणि इंजेक्शनांचा खर्च पॅकेजमध्ये धरलाय की वेगळा, हेही. बऱ्याचदा तो वेगळाच असतो.