जंतुरोधक ब्रश विकताना काय सांगावे?

चांदीचा किंवा अन्य जंतुरोधक द्रव्याचा लेप दिलेले टूथब्रश साध्या ब्रशपेक्षा महाग विकले जातात. ‘याने दात किडत नाहीत’ असे गिऱ्हाइकाला सांगण्यापूर्वी दुकानदार बंधूंनी लेपाचे काम समजून घ्यावे.

दातांवरील चिकट थरातले जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात. त्या आम्लाने दाताचे कवच झिजते व कीड लागते. चांदीचे सूक्ष्म कण जंतूंना मारतात हे खरे. पण हा लेप ब्रशच्या केसांवर असतो, दातांवर नाही. त्याचा हेतू ब्रश स्वच्छ ठेवणे एवढाच. किडीपासून बचाव होतो तो फ्लोराइडयुक्त पेस्टने, दोन वेळच्या सफाईने व गोड कमी खाल्ल्याने. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली फ्लोराइड पेस्टचा समावेश अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला.

लेपाचा ब्रशही वापरानंतर धुऊन, उभा व उघडा वाळवावा आणि तीन-चार महिन्यांनी बदलावा, हे गिऱ्हाइकाला जरूर सांगावे.

दुकानाच्या फलकावर कीड थांबवण्याची हमी लिहू नये. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर कारवाईची तरतूद आहे. ज्याचे बजेट कमी, त्याला साधा मऊ ब्रश व फ्लोराइडची पेस्ट द्यावी.